उचल घरपोच, विद्यावेतन मात्र गुप्त!

ऊसतोडीच्या उचलीची बातमी बीड जिल्ह्यातील गरिबाच्या दारी आपण होऊन चालत येते. सिरसाळा व भोवतालच्या गावांतील कोणत्या घरी लग्नापायी अगर दुखण्यापायी पैशाची नड आहे, हे मुकादमास तोंडपाठ असते. तो अर्ज मागत नाही, इंग्रजी मागत नाही. पैसा हातावर ठेवतो व नवराबायको मिळून एक कोयता हिशेबात धरतो. पण त्याच घरातील बारावी झालेल्या मुलास संगणकाचे, छपाईचे अगर चित्रीकरणाचे काम प्रत्यक्ष कामाच्या जागी शिकता येते, व शिकत असता दरमहा पैसे मिळण्याची सोय कायद्याने केलेली आहे, हे सांगावयास त्याच्या दारी कोण येतो? कोणीही नाही! आमचा आक्षेप नेमका येथेच आहे.

हा कायदा कालपरवाचा नव्हे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ सालचा आहे. ३० अगर अधिक माणसे कामास असतील तेथे अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत, असे त्याखालील नियम सांगतात. २०१४ साली कायदा दुरुस्त होऊन इंजिनियर नसलेल्या पदवीधरांसही त्यात जागा झाली, म्हणजे बी. ए. झालेला मुलगा वृत्तपत्राच्या कचेरीतही उमेदवारी करू शकतो. विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १,५०० रुपयांपर्यंत, सोसण्याचे केंद्र सरकारने २०१६ साली पत्करले. पुढे २०२४ साली महाराष्ट्र सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढून बारावी झालेल्यास ६,०००, आय. टी. आय. अगर पदविका झालेल्यास ८,००० व पदवीधरास १०,००० रुपये दरमहा ठरविले.

कायदा आहे, पैसा आहे. मग घोडे अडते कोठे? बातमी कोंडून राहते, तेथे! पुण्यामुंबईच्या पांढरपेशा घरात असल्या जागांची वार्ता जेवताना पानावरच कानी पडते. काका कंपनीत असतो, मामा कचेरीत असतो. सिरसाळ्याच्या मुलाचा काका फडात असतो! त्याने कोणास विचारावे? सरकार म्हणते, संकेतस्थळावर सारे दिलेले आहे. अहो, विहिरीत पाणी आहे म्हणून सांगावयाचे आणि दोर मात्र द्यावयाचा नाही, यास का पाणपोई म्हणतात? या अंधारावर दुसरेच लोक पोट भरतात. ‘शंभर टक्के नोकरी’ची पाटी लावून ते बापाची उचल फी म्हणून उकळतात व मुलाच्या हाती रंगीत कागद ठेवतात.

कोणी शहाणे म्हणतील, खेड्यातल्या पोरांस यंत्र आणि कॅमेरा कोठून झेपणार? त्यांनी कोल्हापूरकडे पाहावे. बाबूराव पेंटर हे मिस्त्री घराण्यातले. त्यांनी कोणत्या पाठशाळेत न जाता सहकाऱ्यांच्या साहाय्याने सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडविला. आणि त्यांच्याच कंपनीत पडेल ते काम करीत व्ही. शांताराम शिकले. सयाजीराव महाराजांनी बडोद्यास १८९० साली कलाभवन काढले. दादासाहेब फाळके तेथे शिकून गेले. कर्मवीर भाऊराव पाटलांचे ‘कमवा आणि शिका’ तर घरोघरी ठाऊक आहे. अक्कल कोणाच्या वतनाची नसते. संधी मात्र वतनासारखी वाटली जाते!

सरकारच्या योजनेचेही कौतुक आम्ही आंधळेपणाने करणार नाही. सहा महिन्यांची मुदत २०२५ साली अकरा महिने केली. पण पुढे काय? हा प्रश्न घेऊन प्रशिक्षणार्थींस रस्त्यावर यावे लागले. जेथे उमेदवारास कागद इकडून तिकडे नेण्यापलीकडे काही शिकविले नाही, तेथे ते प्रशिक्षण नव्हे, स्वस्त शिपाईगिरी होय! अकरा महिने गेले व हाती हुन्नर आला नाही, तर मुलगा पुन्हा फडाच्याच वाटेस लागावयाचा.

म्हणून आमच्या तरुण बांधवांनी व भगिनींनी कोठेही नाव घालण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावे. पैसा कोण कोणास देतो? शिकणारा देत असेल, तर ती उमेदवारी नव्हे, दुकान आहे. करार लेखी होऊन सरकारदरबारी नोंदला जातो काय? आणि शेवटी प्रमाणपत्र कोणाचे, कोणत्या हुन्नराचे? शिकाऊ उमेदवारास पुढे नोकरी देण्याची सक्ती कायदा मालकावर करीत नाही, हेही ध्यानी असावे. तेव्हा हुन्नर हीच खरी कमाई.

आणि सरकारकडे आमचे मागणे साधे आहे. परळीचे औष्णिक वीजकेंद्र याच तालुक्यात आहे. तेथपासून एस. टी.च्या कार्यशाळेपर्यंत व छापखान्यापर्यंत, जिल्ह्यात कोठे किती शिकाऊ जागा रिकाम्या आहेत याची यादी शुद्ध मराठीत छापून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी, ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी, व अर्ज तेथेच भरून घ्यावे. हे सारे दसऱ्यापूर्वी व्हावे. कारण दसऱ्यानंतर गावात वाचावयास माणूस उरत नाही! मुकादम दारात येण्यापूर्वी सरकारचा माणूस दारात पोहोचला पाहिजे. तो पोहोचत नसेल, तर गावच्या शिकलेल्या पोरांनी ही यादी स्वतः मिळवून घरोघर वाचून दाखवावी.