कमांड बरोबर, फोल्डर चुकीचे

"फाईल समोर दिसतेय, अम्मी, तरी सापडत नाही म्हणतो!" गेल्या आठवड्यात आमच्या घरी संध्याकाळभर हीच तक्रार चालू होती. मुलगा पायथन शिकतोय. प्रोग्राम आणि गुणांची फाईल दोन्ही 'गुण' फोल्डरमध्ये होत्या. आम्ही दोघांनी स्पेलिंग चार वेळा तपासले. चूक तिथे नव्हतीच.

प्रोग्राममध्ये फाईलचे नुसते नाव लिहिले, की संगणक ती प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये शोधत नाही. कमांड ज्या फोल्डरमधून चालते, तिथे शोधतो. मुलाने एडिटरमध्ये 'अभ्यास' हे मोठे फोल्डर उघडले होते आणि 'गुण' त्याच्या आत होते. व्हीएस कोडचे टर्मिनल सहसा उघडलेल्या मोठ्या फोल्डरपाशी सुरू होते. 'रन'चे बटण देणारी बरीच एक्स्टेन्शन्सही कमांड तिथूनच चालवतात. डबा स्वयंपाकघरात आणि आपण शोधतोय दिवाणखान्यात, असा प्रकार!

उपाय सोपे आहेत. पायथनमध्ये 'ओएस' मॉड्यूलचे 'गेटसीडब्ल्यूडी' चालवले, की चालू फोल्डर कळते. एडिटरमध्ये थेट आतले फोल्डर उघडावे. किंवा पायथन एक्स्टेन्शनच्या सेटिंगमध्ये 'एक्झिक्यूट इन फाईल डिर' चालू करावे. 'कोड रनर' वापरत असाल तर 'फाईल डिरेक्टरी अ‍ॅज सीडब्ल्यूडी'. ही दोन्ही सेटिंग्ज आधीपासून बंद असतात. मात्र तोच प्रोग्राम मित्राच्या संगणकावर गेला, तर आपली सेटिंग त्याच्याकडे नसते. म्हणून फाईलचा पत्ता प्रोग्रामच्या स्वतःच्या जागेवरून काढायला शिकणे उत्तम.

फाईल सापडली नाही, तर एक संध्याकाळ वाया जाते, एवढेच. पण तीच कमांड फाईल पुसणारी असती तर? 'इथले सगळे फोटो काढून टाक' असे सांगितले आणि 'इथले' म्हणजे दादाजानांच्या फोटोंचे फोल्डर निघाले तर? टर्मिनलमधून पुसलेली फाईल सहसा रिसायकल बिनमध्येही जात नाही.

अनेक घरांत सगळ्यांचा मिळून एकच संगणक असतो. म्हणून आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. मुलाच्या सरावाचे फोल्डर वेगळे. घरच्या फोटोंची एक प्रत पेन ड्राइव्हवर, कपाटात. आणि पुसणारी कमांड देण्याआधी 'पीडब्ल्यूडी' लिहून आपण कुठल्या फोल्डरमध्ये आहोत ते पाहायचे. विंडोजच्या पॉवरशेलमध्येही ते चालते.

पेन ड्राइव्हचे काम त्याच रात्री उरकले.