परवानगी कुणाची?

(द्वितीय वर्ष कला, इतिहास)

'मोबाईल : शाप की वरदान' हा विषय आपल्या कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत फिरून फिरून येतोच. बोलणारे पाच मिनिटे तावातावाने बोलतात, टाळ्या पडतात, आणि व्यासपीठावरून उतरताच वक्त्याचा हात पहिल्यांदा खिशातल्या मोबाईलकडे जातो. त्या वादात मला पडायचे नाही. मला फक्त एका बटणाविषयी लिहायचे आहे. नवे अ‍ॅप घेतले की ते विचारते, तुमच्या फोनमधली संपर्कांची यादी पाहू का? खाली 'अलाउ' असे बटण असते. आपण वाचत नाही, दाबतो. मी ते वयाच्या चौदाव्या वर्षी दाबले आणि त्याचे भोग माझ्या वडिलांच्या वाट्याला आले.

माझे वडील शिंपीकाम करतात. आमचे गाव शिरूर तालुक्यात आहे. वडील चौथी शिकले, आई तेवढीही नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला. त्यामुळे घरातले सगळे कागद वाचण्याचे काम लहानपणापासून माझ्याकडे आहे. लाईटबिल, रेशनकार्ड, बँकेचे पत्र, दवाखान्याची चिठ्ठी, सगळे. २०२० साली शाळा बंद पडल्या आणि अभ्यास फोनवर येऊ लागला, तेव्हा घरात पहिला स्मार्टफोन आला. फोन वडिलांच्या नावावर, वापर माझा. वडिलांच्या माप-वहीच्या मागच्या पानांवर गिऱ्हाइकांचे नंबर लिहिलेले होते. ते सगळे मी एका दुपारी फोनमध्ये भरले. वडील जसे सांगतील तशी नावे घातली : 'पाटीलबाई ब्लाऊज', 'हेडसर गणवेश', 'कोपऱ्यावरचे दादा सफारी'. आत्याचा नंबर, मामाचा नंबर, थोरल्या बहिणीच्या सासरचा नंबर. सगळे मिळून दीडशेच्या वर झाले. एवढे काम केल्याचा मला त्या वेळी अभिमान वाटला होता.

शिंप्याचा खरा हंगाम जूनचा. शाळेच्या गणवेशावर आमचे निम्मे वर्ष निघते. २०२० चा जून कोरडा गेला आणि २०२१ चाही तसाच गेला. मशीनवर कापड घालून ठेवले होते, ते काढायचीही वेळ येईना. त्या दिवसांत फोनवर एक जाहिरात आली. कागद नको, जामीन नको, पाच मिनिटांत कर्ज. वडिलांनी मला विचारले, "हे खरं असतं का रे?" मी नववीतला मुलगा. मला काय कळत होते? पण फोनमधले मला कळते, असा घरात सगळ्यांचा समज होता आणि माझाही होता. मी अ‍ॅप घेतले. त्याने चार-पाच गोष्टी विचारल्या. मी प्रत्येक वेळी 'अलाउ' दाबले. वडील शेजारी बसून विश्वासाने बघत होते.

पाच हजारांचे कर्ज मंजूर झाले. हातात तीन हजार दोनशे आले. सात दिवसांत पाच हजार भरायचे होते. सहाव्या दिवशी सकाळी फोन सुरू झाले, पण वडिलांना नव्हे. पाटीलबाईंना फोन गेला, हेडसरांना गेला, बहिणीच्या सासऱ्यांना गेला. हा माणूस कर्जबुडवा आहे, त्याने तुमचे नाव जामीन म्हणून दिले आहे, असे कुणी अनोळखी माणूस हिंदीतून सांगत होता. काही जणांना तर वडिलांचा फोटो आला आणि त्याखाली 'चोर' असे लिहिलेले होते. आत्याच्या यजमानांनी पैसे दिले, आम्ही पाच हजार भरले, तरी आणखी मागणी आलीच. शेवटी नंबर बदलला. पुढच्या वर्षी शाळा उघडल्या, पण गणवेशाचे काम आमच्याकडे आले नाही. कारण कुणी सांगितले नाही आणि वडिलांनीही विचारले नाही.

ही हकिगत मी सहानुभूतीसाठी लिहीत नाही. अशी घरे पुष्कळ होती. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने नोव्हेंबर २०२१ मध्ये अहवाल दिला. त्यात देशात सुमारे १,१०० कर्ज देणारी अ‍ॅप्स आढळली, पैकी सुमारे ६०० बेकायदा होती. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला की कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने गिऱ्हाइकाच्या फोनमधील संपर्क-यादी, कॉलची नोंद, फोटो आणि फाइली यांना हात लावू नये. आमच्या घरी तो नियम सव्वा वर्षाने उशिरा पोहोचला, इतकेच.

पण माझ्या मनात जो प्रश्न आहे तो कर्जाचा नाही. कर्ज वडिलांनी घेतले होते. अ‍ॅपला परवानगी दिली ती मी. आणि फोन गेला पाटीलबाईंना! त्यांना कुणी विचारले होते? त्यांचा नंबर माझा नव्हता, वडिलांचाही नव्हता. ब्लाऊज शिवून झाला की कळवा, एवढ्यासाठी त्यांनी तो आमच्याकडे विश्वासाने ठेवलेला होता. दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू आपण तिसऱ्याला देऊन टाकली तर गावात त्याला काय म्हणतात, ते वाचकांना सांगायला नको. फोनमध्ये मात्र त्याला 'परवानगी' म्हणतात.

खाजगीपणाविषयी जे लिहून येते त्यात ही बाजू मला फारशी दिसत नाही. 'तुमची माहिती, तुमचा हक्क' असेच सगळे बोलतात. वर्तमानपत्रांत नव्या फोनची बातमी येते ती कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, बॅटरी किती तास चालते आणि सेलमध्ये किती रुपये सूट आहे याची. अ‍ॅप आपल्या फोनमधून काय काय घेते, हे त्या रकान्यांत सहसा नसते. जानेवारी २०२१ मध्ये तेवढी एकदा मोठी ओरड झाली होती. व्हॉट्सअ‍ॅपने नवे धोरण आणले आणि ते ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा असे कळवले. गावच्या ग्रूपवर सुद्धा संदेश फिरले, आता दुसऱ्या अ‍ॅपवर चला, इथे आपले काही सुरक्षित नाही. गंमत अशी की हे संदेश फिरत होते व्हॉट्सअ‍ॅपवरच! मुदत पुढे १५ मेपर्यंत वाढली आणि मग सगळे गप्प झाले. स्पर्धा आयोगाने त्याच धोरणावरून नोव्हेंबर २०२४ मध्ये मूळ कंपनीला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला आणि प्रकरण अपिलात गेले. तोवर आमच्या ग्रूपला तो विषयही आठवत नव्हता. आणि त्या सगळ्या गदारोळात माझ्या आत्याचा उल्लेख कुणी केला नाही. आत्याकडे आजही बटणांचा साधा फोन आहे. तिने आयुष्यात एकही अ‍ॅप घेतलेले नाही. तरी तिचा नंबर तिच्या प्रत्येक भाच्याच्या फोनमधून कुठे कुठे जाऊन बसलेला आहे.

माझा एक मित्र म्हणतो, आपल्याकडे लपवण्यासारखे आहे काय? आपले घर दहा बाय बाराचे, भांडण झाले तर चार घरांना ऐकू जाते. खाजगीपणा हे शहरातल्या बंगलेवाल्यांचे चोचले. मलाही काही काळ तसेच वाटे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने निकाल दिला की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो खटला एका निवृत्त न्यायाधीशांनी, पुट्टस्वामी यांनी, आधार योजनेच्या संदर्भात लढवला होता. हे प्रथम वर्षाला वाचताना माझ्यापुढे बंगल्याचे फाटकच उभे राहिले. पण मग त्या सकाळचे वडील आठवले. आपल्याकडे या गोष्टीला शब्द नाही असे कोण म्हणतो? आपल्याकडे तिला अब्रू म्हणतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे ज्याच्या मुठीत काही नाही त्याच्यासाठीच म्हटलेले आहे. श्रीमंताची मूठ उघडली तर पैसा दिसतो. आमची उघडली आणि रिकामी दिसली.

मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. आमच्याच शिरूर तालुक्यातल्या करडे गावी १८७४ च्या अखेरीस लोकांनी सावकाराशी व्यवहार तोडला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी उठाव झाला. त्यांना आपण दख्खनचे दंगे म्हणतो. त्या शेतकऱ्यांनी माणसे फारशी मारली नाहीत. त्यांनी कर्जखते मागितली आणि जाळली. ज्या कागदावर काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते आणि तरी ज्यावर आपली सही-निशाणी होती, त्या कागदावर त्यांचा राग होता. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यात अशी तरतूद होती की शेतकऱ्याने करून दिलेले खत सरकारने नेमलेल्या ग्राम-निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिलेले आणि त्याने साक्षांकित केलेले असले पाहिजे. म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्याचा अंगठा नुसता घेऊन चालणार नाही, मध्ये एक जबाबदार माणूस बसला पाहिजे, हे इंग्रज सरकारला सुद्धा दीडशे वर्षांपूर्वी पटले होते.

आता २०२३ साली आपल्या संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदी अमलात आणायला तिथून अठरा महिने दिले आहेत. त्यात एक गोष्ट फार चांगली आहे. माहिती कशासाठी घेतो याची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागेल. म्हणजे मराठीतही. मी याचे स्वागत करतो. पण नुसत्या भाषेने काम भागेल असे मला वाटत नाही. मी वडिलांचा फोन मराठीत करून दिला होता. 'अलाउ'च्या जागी 'अनुमती द्या' आले. वडील म्हणाले, "याच्यापेक्षा ते आधीचं बरं होतं, निदान सगळे तेच म्हणतात." चाळीस पानांचा मजकूर इंग्रजीतून मराठीत आला तरी चाळीस पानेच राहतो. तो माप घेता घेता कोण वाचणार? १८७९ च्या कायद्यात मध्ये एक माणूस तरी होता. इथे घरोघर तो माणूस म्हणजे नववीतला मुलगा.

इथवर मी कंपन्यांना आणि कायद्याला नावे ठेवली. आता स्वतःविषयी लिहिणे भाग आहे, नाहीतर हा लेख अप्रामाणिक होईल.

प्रथम वर्षाला असताना मी वर्गाच्या ग्रूपचा अ‍ॅडमिन होतो. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी कार्यालयाने सगळ्यांची नावे आणि मोबाईल नंबर मागितले. मी यादी केली आणि कुणाचा नंबर चुकला असल्यास कळवावे म्हणून तिचा फोटो काढून ग्रूपवर टाकला. ग्रूपवर एकशे चाळीस जण होते. त्यांतले निम्मे एकमेकांना ओळखतही नव्हते. फोटो कुणीतरी पुढे पाठवला, तिथून तो आणखी पुढे गेला. तिसऱ्या रात्रीपासून आमच्या वर्गातल्या एका मुलीला अनोळखी नंबरांवरून 'हाय' येऊ लागले. मग फोन येऊ लागले. ती ते घरी सांगू शकत नव्हती, कारण आमच्या भागात अशा वेळी 'कुणी फोन केला' हा प्रश्न नंतर येतो. आधी येतो तो 'तुझा नंबर त्याच्याकडे गेला कसा' हा. व्हायचे तेच झाले. वडिलांनी सिम काढून घेतले. कॉलेज बंद करण्याची भाषा झाली, ती तिच्या आजीने थोपवली. परीक्षेचे वेळापत्रक ग्रूपवर येते आणि ती ग्रूपवर नाही, म्हणून मैत्रिणींना विचारत फिरते.

मी फोटो काढून टाकला होता, अर्थात. पण तोवर तो कुणाकुणाच्या गॅलरीत गेला होता, हे मला कसे कळणार? मी माफी मागितली. ती म्हणाली, "तू मुद्दाम नाही केलंस." हे मला शिवीसारखे लागले. माझ्या वडिलांच्या फोनमधून नावे नेणाऱ्यांनी निदान पैशासाठी नेली होती. मी तर सोय म्हणून दिली.

आपल्या ग्रूपांची रीतच अशी झाली आहे. न विचारता माणसाला आत घालायचे, त्याचा नंबर शंभर जणांपुढे उघडा करायचा, आणि तो बाहेर पडला की 'भाव खातो' म्हणायचे. आपल्याला कुणी ग्रूपमध्ये घालावे हे ठरवण्याची सोय २०१९ पासून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आहे. मी आमच्या वर्गात विचारून पाहिले, चौघांना ती ठाऊक होती. आणि आपण जे फिरवतो त्याचे काय होते, याला तर धुळे जिल्ह्यातले राईनपाडा साक्षीला आहे. १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून तिथे भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारले. ती माणसे सोलापूरकडून पोटासाठी तिथवर गेली होती. तशा अफवा फोनवरून फिरत होत्या. फिरवणाऱ्या प्रत्येकाला आपण लोकांना सावध करतो आहोत, असेच वाटत असणार. माझ्या यादीसारखेच.

माझी सूचना साधी आहे. आपल्या कॉलेजचे एन.एस.एस.चे शिबिर दर हिवाळ्यात एखाद्या गावी जाते. आपण रस्ता झाडतो, बंधारा घालतो, रात्री पथनाट्य करतो. यंदा एक दिवस आठवडी बाजारात सतरंजी टाकून बसावे. येईल त्याचा फोन त्याच्याच हातात ठेवून, सेटिंगमध्ये जाऊन, कोणकोणत्या अ‍ॅपला संपर्क-यादी दिली आहे ते त्याला दाखवावे. टॉर्चच्या अ‍ॅपला माझ्या मामांनी सगळी सोयरीक देऊन ठेवली होती! नको असेल तिथली परवानगी त्याने स्वतः बंद करावी. एका फोनला दहा मिनिटे पुरतात, मी घरी करून पाहिले आहे. पैसे मागण्यासाठी कुणी धमकावत असेल तर १९३० हा सायबर गुन्ह्यांचा नंबर लिहून द्यावा. त्या ग्राम-निबंधकाचे काम आपण पदवीधर होणाऱ्या मुलांनी नाही करायचे तर कुणी करायचे? मात्र शिबिराचा अहवाल लिहिताना लाभार्थींची नावे व नंबर यांची यादी जोडू नये, ही विनंती.

वडिलांनी आता गिऱ्हाइकांचे नंबर पुन्हा माप-वहीत लिहायला सुरुवात केली आहे. मी अ‍ॅप्स काढून दिली, फोन सुरक्षित करून दिला, तरी त्यांचा त्यावर विश्वास बसत नाही आणि मी आग्रह धरत नाही.

गेल्या महिन्यात सहलीसाठी पुन्हा यादी करायची होती. सर म्हणाले, ग्रूपवर टाक, पाच मिनिटांचे काम आहे. मी म्हणालो, कागद फिरवतो. दोन तास गेले, तिघांनी 'जुन्या जमान्यातला' म्हणून टिंगल केली. कागद मुलींच्या बाकांवरून परत आला तेव्हा तिचे नाव होते आणि नंबराचा रकाना कोरा होता. मी तो तसाच ठेवून यादी कार्यालयात दिली.