टोळी निघण्याआधीची तारीख

दिवाळी सरली की कडा गावातून आणि आष्टी तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. गरोदर बाईची नोंद गावच्या उपकेंद्रात राहते आणि ती मात्र कारखान्याच्या तळावर, कोपीत. शेवटची पाळी १ ऑगस्टची असेल तर अठरा आठवडे ५ डिसेंबरला भरतात, वीस १९ डिसेंबरला. म्हणजे अ‍ॅनॉमली स्कॅनची (गर्भातील व्यंगे शोधणाऱ्या सोनोग्राफीची) वेळ ऐन हंगामात येते. ती परतते तेव्हा आठवा महिना उलटलेला असतो.

कॉर्पस कॅलोसमच्या बाबतीत ही चुकलेली वेळ फार महागात पडते. मेंदूचे दोन्ही अर्धगोल जोडणारा हा सुमारे २० कोटी तंतूंचा पट्टा विसाव्या आठवड्याच्या सुमारास आकाराला येतो. त्यामुळे तिसऱ्या महिन्यातल्या सोनोग्राफीवरचा 'नॉर्मल' हा शेरा त्याच्याविषयी काहीच सांगत नाही. पुढेही नेहमीच्या आडव्या छेदात तो थेट दिसत नाही. कॅव्हम सेप्टम पेल्युसिडम सापडत नाही, पार्श्व निलये मागच्या बाजूला फुगून थेंबासारखी दिसतात, या खुणांवरून शंका घ्यायची आणि न्यूरोसोनोग्राफी किंवा गर्भाच्या एमआरआयसाठी पाठवायचे. पट्टा अर्धवट असेल तर या खुणाही हुलकावणी देतात.

२०११च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. त्या कलंकामुळे आपल्यातले काही डॉक्टर सोनोग्राफीची चिठ्ठी लिहायलाही कचरतात. व्यंग शोधण्यासाठी तपासणी करायला गर्भलिंगनिदानबंदी कायद्याची आडकाठी नाही. एफ फॉर्म सोनोग्राफी केंद्र भरते; तुम्ही चिठ्ठी नीट लिहा आणि पाठवा.

हा पट्टा नसल्याचे किंवा अर्धवट असल्याचे निदान झाल्यावर "मेंदू अर्धवट आहे" हे वाक्य तोंडातून निघता कामा नये. दुसरे व्यंग नसेल, गुणसूत्रे ठीक असतील, तर बहुतेक मुलांची वाढ सर्वसाधारण होते. काहींना शाळेत अडचणी येतात. सोबत इतर दोष असतील तर चित्र गंभीर असते. अमेरिकेतला किम पीक (१९५१–२००९) या पट्ट्याशिवाय जन्मला. त्याला हजारो पुस्तके मुखोद्गत होती, पण सदऱ्याची बटणे लावता येत नसत. इतक्या अनिश्चिततेत आईबापांना विचाराला वेळ हवा. गर्भपात कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनुसार गंभीर व्यंगासाठी चोवीस आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाकडे जाता येते, हेही त्यांना सांगा.

म्हणून दसऱ्यापूर्वीच प्रत्येक गरोदर मातेच्या कार्डावर स्कॅनची तारीख ठळक लिहा. ती कोणत्या कारखान्यावर जाणार हे आशाताईंकडून समजून घ्या, तिथल्या जवळच्या केंद्राच्या नावे चिठ्ठी द्या आणि ती तारीख नवऱ्याला व मुकादमालाही सांगा.