मालकाविना पेटी आणि पेटीविना मालक

आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गांत अलीकडे एक नवें शहाणपण रूढ होऊं लागलें आहे. विमानानें प्रवास करणाऱ्याची पेटी हरवली किंवा आठ-पंधरा दिवस उशिरां आली, कीं भोंवतीं जमलेले आप्तेष्ट त्यालाच उपदेश करूं लागतात. "औषधें हातांतल्या पिशवींत ठेवायला नकोत का? पेटीचें छायाचित्र काढलें होतें का? ठावठिकाणा सांगणारें तें लहानसें यंत्र तिच्यांत टाकलें होतें का?" ज्याच्या घरीं चोरी झाली त्यालाच कुलुपाच्या किंमतीवरून बोल लावावा, तसा हा प्रकार आहे. ही सावधगिरी निरुपयोगी आहे, असें माझें म्हणणें नाहीं. परंतु सावधगिरी हा उपाय झाला. तो न्याय नव्हे. ज्यानें पैसे घेऊन व पावती देऊन वस्तु ताब्यांत घेतली, त्याची जबाबदारी ती विश्वासानें स्वाधीन करणाऱ्याच्या माथीं मारावयाची, ह्या विचारसरणीचा निषेध करावा म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम स्वतःचाच मूर्खपणा कबूल करतों. कन्येच्या पहिल्या बाळंतपणासाठीं मी व माझी पत्नी मुंबईहून अमेरिकेस गेलों. वाटेंत एके ठिकाणीं विमान बदलावयाचें होतें. आम्ही दोघें पोंचलों, तीन पेट्या पोंचल्या, चौथी मात्र आली नाहीं. आणि तींतच बाळंतविडा होता. अंगडीं, टोपडीं, दुपटीं, आणि माझ्या दिवंगत आईच्या जुन्या लुगड्यांची पत्नीनें चार महिने खपून शिवलेली गोधडी. काउंटरवरील तरुणानें नोंद घेतली, आंकड्यांची एक चिठ्ठी हातांत दिली, आणि "लवकरच येईल" असें हंसतमुखानें सांगितलें. त्या नोंदीलाच मी तक्रार समजलों. पेटी सतराव्या दिवशीं दाराशीं आली. बारसें तीन दिवसांपूर्वींच उरकलें होतें. नातू दुकानांतून आणलेल्या पांघरुणांत निजला होता. पेटी आली ह्याच आनंदांत मीं सही केली. उघडून पाहतों तों आंत पाणी शिरून गोधडीचे रंग एकमेकांत उतरलेले! तरीहि घरांत नवें मूल असतां कागद कोण लिहीत बसणार? महिन्याभरानें मीं पत्र लिहिलें. उत्तर अत्यंत सभ्य भाषेंत आलें: सामान बिघडल्याची लेखी तक्रार सात दिवसांत व विलंबाची एकवीस दिवसांत करावयास हवी होती, दोन्ही मुदती संपल्या आहेत. कंपनीचें नांव मी सांगत नाहीं, कारण दोष एका कंपनीचा नाहीं. आणि कायद्याच्या अक्षराप्रमाणें तें उत्तर बिनचूक होतें. तीस वर्षें मुलांना परकीय भाषेंतील गद्याचा अर्थ लावावयास शिकविणाऱ्या ह्या प्राध्यापकानें स्वतःचें तिकीट कधीं वाचलेंच नव्हतें!

परंतु वाचलें असतें तरी काय सांपडलें असतें? आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाला १९९९ सालचा मॉन्ट्रिअलचा करार लागू होतो. तो २००३ सालीं अमलांत आला आणि २००९ पासून भारतासहि बंधनकारक झाला. कंपनीची जबाबदारी मर्यादित असूं शकते, ही गोष्ट प्रवाशास लेखी कळविली पाहिजे, असें त्याच्या तिसऱ्या कलमांत सांगितलें आहे. मात्र प्रवाशाचा हक्क किती दिवसांत बुडतो, हें कळविण्याचें बंधन त्या कलमांत नाहीं! स्वतःची ढाल दाखविणें सक्तीचें, आणि दुसऱ्याची तलवार केव्हां बोथट होते तें सांगणें ऐच्छिक. ह्याच करारांत प्रवाशाच्या हिताच्याहि गोष्टी आहेत. एकवीस दिवसांत पेटी न आल्यास ती हरवली असें धरून दावा करतां येतो. वाटेंत कंपनी बदलली असल्यास पहिली, शेवटची, किंवा जिच्या ताब्यांत असतां नुकसान झालें ती, ह्यांपैकीं कोणाहीकडे दाद मागतां येते. दावा लावण्यास दोन वर्षें मिळतात. परंतु लेखी तक्रार मुदतींत झाली नसेल, तर हीं दोन वर्षें कागदावरच राहतात.

आतां रकमेचें पाहूं. १९२९ सालच्या वॉर्सा-करारानें सोंपविलेल्या सामानासाठीं किलोमागें २५० सुवर्णाधारित फ्रँक ही मर्यादा घातली, आणि १९३४ च्या कायद्यानें ती हिंदुस्थानांत आली. विमानधंदा तेव्हां पाळण्यांतलें बाळ होता. त्याला टोपडें-दुपटें घालणें योग्यच होतें. पण बाळ वाढून घरधनी झाला तरी दुपटें अंगावर आहेच! मॉन्ट्रिअल-करारांत ही मर्यादा माणशीं ठरते, आणि डिसेंबर २०२४ पासून ती १५१९ विशेष आहरण-हक्क, म्हणजे सुमारें दोन हजार डॉलर, एवढी आहे. उलट केवळ देशांतल्या देशांत केलेल्या प्रवासासाठीं आपल्या सरकारनें २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रवासी-सनदेंत कमाल आंकडा वीस हजार रुपयांचा होता. तीच पेटी, तोच मालक, तेच कपडे. लंडनच्या वाटेवर तिची किंमत एक आणि नागपूरच्या वाटेवर दुसरी! शिवाय मर्यादा म्हणजे हमी नव्हे. तेवढें नुकसान झालें असें सिद्ध करावें लागतें, आणि त्यासाठीं पावत्या मागितल्या जातात. आईच्या लुगड्यांची पावती मी कोठून आणूं?

प्रतिपक्षाचें म्हणणें दडपून टाकणें मला प्रशस्त वाटत नाहीं. तें असें: जबाबदारी वाढविली तर भाडें वाढेल, शिवाय आतां सामान फारसें हरवतच नाहीं. दुसरी गोष्ट बव्हंशीं खरी आहे. हवाई वाहतुकीच्या यंत्रणा पुरविणाऱ्या 'सीता' ह्या संस्थेच्या अहवालाप्रमाणें २००७ सालीं दर हजार प्रवाशांमागें सुमारें एकोणीस पेट्या चुकत; २०२३ सालीं हें प्रमाण सुमारें सातावर आलें. प्रगतीबद्दल अभिनंदन! परंतु मग पहिला युक्तिवाद कोठें राहिला? पेट्या थोड्या चुकत असतील तर त्यांची पुरती भरपाई करण्याचा भारहि थोडाच पडणार. दोन्ही सबबी एकाच तोंडांत शोभत नाहींत.

"पेटी कोठें आहे तें सांगतां येत नाहीं" ही तिसरी सबबहि आतां टिकत नाहीं. सोंपविली तेव्हां, विमानांत चढविली तेव्हां, एका विमानाकडून दुसऱ्याकडे दिली तेव्हां आणि परत केली तेव्हां, अशा चारहि टप्प्यांवर पेटीची नोंद ठेवण्याचें बंधन विमानकंपन्यांच्याच आंतरराष्ट्रीय संघानें जून २०१८ पासून आपल्या सभासदांवर घातलें आहे. स्टेशनावरच्या हमालाचा पितळी बिल्ला आमचे वडील पाठ करीत. तेवढ्यावर तो हमाल सांपडे. येथें दहा आंकडी बिल्ला पेटीलाच बांधलेला, आणि जबाबदार माणूस मात्र सांपडत नाहीं!

ह्या बाबतींतली सर्वांत मोठी विसंगति निराळीच आहे. २३ जून १९८५ रोजीं 'कनिष्क' विमान आयर्लंडनजीक समुद्रावर फुटलें आणि ३२९ जीव गेले. तो स्फोट अशा पेटीनें केला, कीं जिचा मालक विमानांत चढलाच नव्हता. त्यानंतर मालकाविना पेटी न नेण्याचा नियम कडक झाला, आणि तो सर्वथा योग्य आहे. एक प्रवासी आला नाहीं तर विमान थांबवून त्याची पेटी शोधून उतरवितात. म्हणजे निश्चय असला कीं शेंकडों पेट्यांतून एक हुडकून काढतां येते! मग पेटीविना मालक पुढें जात असतां त्याला निदान तसें कळविण्यास काय हरकत आहे? रिकाम्या पट्ट्यासमोर तासभर उभें राहून त्यानें स्वतःच अनुमान काढावें, ही कोणती रीत?

मागण्या अवाजवी नाहींत. नोंदीच्या चिठ्ठीवरच सात व एकवीस दिवसांची मुदत ठळक छापावी. देशांतर्गत मर्यादा महागाईबरोबर वाढण्याची तरतूद कायद्यानें करावी. नित्याच्या कपड्यालत्त्यांसाठीं पावत्या न मागतां ठरीव रक्कम द्यावी. सामानाचें निराळें भाडें घेतलें असेल तर फार विलंब होतांच तें परत करावें. अमेरिकेनें २०२४ सालीं तसा नियम केलाच आहे. आणि हें होईपर्यंत आपण सुशिक्षितांनीं "जाऊं द्या, कपडेच ते" हें औदार्य सोडून त्याच दिवशीं लेखी तक्रार करावी. हें औदार्य नव्हे, आळस आहे. आणि आपल्या आळसाचें भाडें आपल्यामागून येणारा, इंग्रजी न येणारा प्रवासी भरीत असतो.

गोधडी पत्नीनें धुऊन वाळविली. रंग उतरले ते उतरलेच. पण नातू आतां तिच्यावरच रांगतो. त्याच्या आजीनें क्षमा केली आहे. मीं केलेली नाहीं.