फोटोच्या खिडकीतून बायोडाटाच्या कपाटात



परवा वंदना संपल्यावर नाशिकरोडच्या एका ताईंनी मला थांबवले. "भाऊ, वधू-वर मेळाव्यासाठी मुलीची माहिती संस्थेच्या वेबसाइटवर भरली होती. आता रोज परक्या माणसांचे फोन येतात." फोन तिथूनच सुरू झाले असे मी म्हणणार नाही. पण वेबसाइट पाहिली. (संस्थेचे नाव लिहीत नाही, कार्यकर्ते प्रामाणिक आहेत.) ती बनवणारा मुलगा पुण्याला नोकरीला गेला, तेव्हापासून तिला कुणाचा हात लागलेला नाही.

अशा वेबसाइट बहुधा वर्डप्रेसवर उभ्या असतात. फोटो दाखवायला एक प्लगइन, फॉर्मला दुसरे, देणगीला तिसरे. माहिती मात्र बहुतेक एकाच कपाटात, म्हणजे डेटाबेसमध्ये राहते.

आम्हा कारकुनांच्या भाषेत सांगतो. खिडकीवर आलेल्या चिठ्ठीवर नाव असते, शिपाई त्या नावाची फाइल काढून आणतो. समजा नावाच्या जागी कुणी लिहिले, "कपाटातल्या सगळ्या फायली दे." आमचा शिपाई हसेल. कच्चे प्लगइन हसत नाही, ते फायली देऊन टाकते. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. नावाच्या जागी आलेला मजकूर नाव म्हणूनच वाचायचा, हुकूम म्हणून कधीही नाही, हा त्यावरचा उपाय. हा धोका १९९८ पासून छापून आलेला आहे, तरी चूक होतच राहते.

नेक्स्टजेन गॅलरी हे फोटोंचे प्लगइन. दहा लाखांहून अधिक वेबसाइटवर होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यात हेच भोक सापडले. काही मांडण्यांमध्ये बाहेरचा माणूस डेटाबेस वाचू शकत होता. म्हणजे १४ एप्रिलच्या मिरवणुकीच्या फोटोंतून शिरून मुलींचे बायोडाटा! दुरुस्त आवृत्ती लगेच आली, पण ती ज्याने चढवली त्यालाच उपयोगी.

मोठ्यांचेही तेच. ब्रिटनच्या टॉकटॉक कंपनीतून ऑक्टोबर २०१५ मध्ये १,५६,९५९ ग्राहकांची माहिती याच वाटेने गेली. दुरुस्ती साडेतीन वर्षे उपलब्ध होती, कुणी केली नव्हती. दंड बसला चार लाख पौंड.

आपल्या संस्थांकडे दंड भरायला पैसे नाहीत, आणि गेलेली माहिती दंडाने परत येत नाही. म्हणून येत्या पौर्णिमेच्या बैठकीत मी एवढेच विचारणार आहे: वेबसाइटचा पासवर्ड आज कुणाकडे आहे? अपडेट दर महिन्याला कोण करणार? न लागणारी प्लगइन अजून का ठेवलीत? आणि मुलीचा मोबाइल, घरचा पत्ता, बापाचा पगार वेबसाइटवर हवाच कशाला? जुन्या वहीत लिहा, कुलपात ठेवा.

कुणाचे पैसे फसवणुकीने गेले तर ताबडतोब १९३० वर फोन करा. काळाराम सत्याग्रहाचे साल आहे, नाशिककरांना पाठ करावे लागणार नाही.

ताईंच्या मुलीची नोंद आम्ही काढून घेतली. फोन अजून येतात.