पदार्थविज्ञानाच्या पदवीचा जमाखर्च

पदार्थविज्ञान घेऊन पदवी मिळविणे म्हणजे ऐन उमेदीची वर्षे आणि वडिलांचे पैसे दोन्ही पाण्यात घालणे होय, हे मत आपल्या सुशिक्षित कुटुंबांत इतके रूढ झाले आहे की, बारावीला गणितात उत्तम गुण मिळविलेल्या मुलीने बी.एस्सी.चा अर्ज भरण्याची इच्छा बोलून दाखविताच तिच्या बुद्धीविषयी नसली तरी व्यवहारज्ञानाविषयी आप्तेष्टांना शंका येऊ लागते. या मताच्या पुष्ट्यर्थ मांडला जाणारा हिशेब असा, की अभियांत्रिकीचा पदवीधर बाविसाव्या वर्षी मिळवता होतो. उलट पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी बी.एस्सी., एम.एस्सी. आणि पीएच.डी. अशी दहा-अकरा वर्षे भरून तिशीला टेकतो, आणि तेव्हाही त्याच्या पदरी बहुधा तासिका तत्त्वावरील अध्यापकी पडते.

या हिशेबातील शेवटची रक्कम खोटी नाही. अनुदानित महाविद्यालयांतील कायम जागा रिकाम्या ठेवून सेट-नेट उत्तीर्ण झालेल्यांना तासांच्या भावाने राबविण्याचा जो रिवाज आपल्या राज्यात पडला आहे, त्याचे समर्थन कोणाही विवेकी माणसास करवणार नाही. आणि केवळ प्राध्यापकीच्या आशेने जो या विषयाकडे वळतो त्यास वडीलधाऱ्यांनी परावृत्त केले तर ते उचितच होय.

परंतु खर्चाची बाजू मात्र सपशेल चुकीची लिहिली गेली आहे. खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयाचे वार्षिक शुल्क लाखाच्या घरात जाते. अनुदानित महाविद्यालयातील बी.एस्सी.चे शुल्क त्यापुढे किरकोळच, शिवाय बारावीत वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण होणाऱ्यांस केंद्र सरकारची ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती वर्षाला 80,000 रुपयांपर्यंत मिळू शकते. पीएच.डी.ची वर्षेही, अधिछात्रवृत्ती मिळविणाऱ्याच्या बाबतीत, फुकट जात नाहीत. 2023 पासून कनिष्ठ अधिछात्रास दरमहा 37,000 रुपये व घरभाडे मिळते. खरा खर्च शुल्काचा नसून कालाचा आहे, आणि तो कोठे थांबवावयाचा हे विद्यार्थ्याच्या हाती असते.

याहून मोठा दोष तुलनेत आहे. यंत्रशास्त्राचा पदवीधर संगणक-कंपनीत रुजू झाला आणि यंत्रशास्त्राचे पुस्तक त्याने पुन्हा कधीही उघडले नाही, तरी त्याची पदवी फळास आली असे आपण म्हणतो. तीच नोकरी त्याच पगारावर पदार्थविज्ञानाच्या पदवीधराने पत्करली, तर मात्र ‘शेवटी फिजिक्सचा उपयोग काय झाला?’ असा प्रश्न विचारला जातो. एकाच फलाची नोंद एकाच्या जमेस आणि दुसऱ्याच्या नावे करणारा कारकून कोणत्याही कचेरीत टिकला नसता. घरोघरीच्या चर्चेत मात्र तो निर्वेधपणे टिकून आहे.

पदार्थविज्ञानाचे कैवारीही काही निर्दोष नाहीत. ते तत्काळ चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे नाव पुढे करतात, जणू काही 1930 चे नोबेल पारितोषिक ही प्रत्येक बी.एस्सी.च्या सनदेस जोडलेली पुरवणीच आहे. अपवादावरून नियम सिद्ध होत नाही. त्याच चरित्रातील कमी दिपविणारा भाग अधिक बोधप्रद आहे: मद्रासेत या विषयाचे एम.ए. होऊन रामन 1907 मध्ये सरकारी वित्तखात्यात हुद्देदार झाले, आणि 1917 मध्ये कमी वेतन पत्करून कलकत्ता विद्यापीठाच्या पालित अध्यासनावर गेले. म्हणजे पदवीने त्यांना उपाशी ठेवले नव्हते. पगाराचा त्याग त्यांनी स्वखुशीने केला.

आजही वाटा आहेत, पण त्यांची माहिती घरांपर्यंत पोहोचत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राची 1957 पासून चालू असलेली प्रशिक्षणशाळा एम.एस्सी. झालेल्यांस विद्यावेतन देऊन अधिकारी बनविते. कर्करोगावरील किरणोपचाराचा विभाग वैद्यकीय भौतिकतज्ज्ञावाचून चालविता येत नाही, आणि एम.एस्सी.नंतर विकिरण-भौतिकीची पदविका घेऊन त्या कामी लागता येते. हवामानखाते आहे, एकस्व-अभिकर्त्याची (पेटंट एजंटची) परीक्षा आहे.

तथापि या विषयाचे खरे मोल नोकऱ्यांच्या यादीत नाही. कोणतेही मापन त्रुटीच्या मर्यादेसह सांगावे, उपकरणाच्या शून्यदोषाची वजावट आधी करावी, आणि आलेख सरळ रेषेत येत नसेल तर रेषा ओढून न घेता कारण शोधावे, ही जी बुद्धीची शिस्त ही पदवी लावते, तिला बँकेपासून वेधशाळेपर्यंत गिऱ्हाईक आहे. मात्र ही शिस्त गुणपत्रिकेबरोबर आपोआप येत नाही. जेथे गतवर्षीच्या जर्नलातील वाचने उतरवून प्रात्यक्षिके पार पडतात आणि गणित टाळता येईल तितके टाळले जाते, तेथील पदवीविषयी निंदकांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे, आणि तिच्या बचावार्थ एक शब्दही लिहिण्याची माझी तयारी नाही.

म्हणून पालकांना विनंती एवढीच, की प्रवेशअर्जावर सही करण्यापूर्वी त्या महाविद्यालयाची प्रयोगशाळा एकदा समक्ष पाहावी, आणि तेथील स्पेक्ट्रोमीटर कपाटात कुलूपबंद आढळला, तर मुलीचा विषय न बदलता महाविद्यालय बदलावे.