बारसं आणि तेरावं एकाच आठवड्यात

फेब्रुवारी २०२०. बार्सिलोनाला फॉर्म्युला वनची हंगामापूर्वीची चाचणी चालू होती आणि माझ्या मोबाईलवर एक क्लिप आली. ल्युइस हॅमिल्टनच्या गाडीवरच्या कॅमेऱ्यातून घेतलेली. सरळ रस्ता आला की हा माणूस स्टिअरिंग चक्क स्वतःच्या छातीकडे ओढतोय, वळण आलं की पुढे ढकलतोय. स्टिअरिंग फिरतं हे ठाऊक होतं. मागेपुढे सरकतं हे कुणाच्या बापाला ठाऊक होतं? मी ती क्लिप दहा वेळा तरी पाहिली असेल.

वळताना मदत व्हावी म्हणून पुढची चाकं किंचित तिरकी बसवलेली असतात. सरळ रस्त्यावर तोच तिरपेपणा टायर घासत राहतो. मर्सिडीजनं चालवता-चालवता तो तिरपेपणा कमीजास्त करायची युक्ती काढली होती. तिचं नाव डीएएस. रेड बुलनं पुढे ऑस्ट्रियात तक्रार केली, ती फेटाळली गेली. म्हणजे युक्ती नियमात बसत होती. पण क्लिप आली त्याच आठवड्यात हेही कळलं, की २०२१च्या नियमांत हिला जागा नाही. बारसं व्हायच्या आत तेराव्याची तारीख!

माझं भांडण इथंच आहे.

सुरक्षेच्या नियमांबद्दल मी बोलत नाही. २०१८ मध्ये ड्रायव्हरच्या डोक्याभोवती ‘हॅलो’ आला, तेव्हा गाडी स्लिपरच्या पट्ट्यासारखी दिसते म्हणून मीही नाक मुरडलं होतं. २०२० मध्ये बहारीनला रोमां ग्रोजाँची गाडी कठडा फाडून आत घुसली, पेटली, आणि तो ज्वाळांतून स्वतःच्या पायांनी बाहेर आला. त्यानंतर हॅलोबद्दल मी तोंड उघडलेलं नाही.

पण २००६ चा मास डँपर घ्या. रेनॉच्या गाडीच्या नाकात स्प्रिंगवर बसवलेलं एक वजन. गाडीला हिसका बसला की हे वजन आतल्या आत हलायचं आणि गाडी स्थिर राहायची. एफआयएनं ऐन हंगामात त्याला ‘हलतं वायुगतिकीय साधन’ ठरवून बाद केलं. ज्याला वारा शिवतसुद्धा नव्हता, ते म्हणे वायुगतिकीय! आणि २०११ पासून डीआरएसच्या नावाखाली मागचा पंख भर वाऱ्यात उघडझाप करू लागला, तो चालला. कारण ती कल्पना नियम करणाऱ्यांची स्वतःची होती.

आणि सीव्हीटी? तुमच्या घरच्या गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये असते तीच पट्टा-पुलीची व्यवस्था. इंजिन नेहमी त्याला सोसेल त्याच गतीला फिरतं, गिअर बदलायची भानगडच नाही. विल्यम्सनं १९९३ मध्ये तिची चाचणी घेतली. शर्यतीत उतरायच्या आधीच नियमांनी तिचा रस्ता बंद केला. म्हणजे दूध आणायला जाणाऱ्याला जे मिळतं, ते जगातल्या सगळ्यात पुढारलेल्या म्हणवणाऱ्या गाडीला मिळायचं नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं : खर्च. एकानं काही शोधलं की बाकीचे ते गाठायला पैसा ओततात आणि छोटे संघ बुडतात. हा मुद्दा मला पटायचा. पण २०२१ पासून खर्चाला मर्यादा आली, सुरुवातीला १४.५ कोटी डॉलरची. ड्रायव्हरचा पगार त्यात धरत नाहीत, ते सोडा. शिवाय विंड टनेलचा वेळही उलट्या क्रमानं मिळतो : आदल्या वर्षी पहिला आलेल्याला सर्वांत कमी, शेवटच्याला सर्वांत जास्त. महिन्याचा खर्च मोजून हातात दिलाय ना? मग बाजारातून दोडका आणायचा की भेंडी, हेही तुम्हीच का सांगता?

बरं, एवढी बंधनं घालून चुरस तरी आली का? २०२३ मध्ये २२ पैकी २१ शर्यती रेड बुलनं जिंकल्या. वर्चस्व गेलं नाही, फक्त अदृश्य झालं. आता फरक पडतो तो गाडीच्या तळाखालच्या वळणांनी, आणि ती आपल्याला दिसतात कधी, तर क्रेन गाडी उचलते तेव्हा. डीएएस माझ्या आईलाही दिसलं होतं. तिनं विचारलं होतं, “हा ओढतोय काय?”

माझी मागणी एवढीच : अपघाताच्या चाचण्या कडक ठेवा, पैशाची मर्यादा ठेवा, आणि तपासणीत नियमात बसलेल्या कल्पनेला किमान दोन हंगाम जगू द्या. ज्यांना जमेल ते नक्कल करतील, काही जण त्याहून भारी काढतील. क्वचित एखादा संघ वर्षभर सगळ्यांना धुऊन काढेल. चालेल मला. तसंही काढतोच आहे.

कॉलेजात आम्ही बाहा स्पर्धेसाठी गाडी बांधली होती. इंजिन सगळ्या संघांना सारखंच. रोल केजचा पाईप किती जाड हवा, वेल्डिंग कसं हवं, यात तसूभर सूट नाही. तपासणारे टॉर्च घेऊन आत शिरायचे. पण सस्पेन्शन आणि गिअरबॉक्स ज्याचं त्यानं ठरवायचं. शेजारच्या तंबूतली पोरं रात्री दोनला आमच्या गाडीखाली वाकून बघत होती, आम्ही त्यांच्या. आमच्या गाडीत सीव्हीटी होती. कुणीही हरकत घेतली नाही.